कोणी न निजलेली गादी

कय्युमभाई पिंजाऱ्यांबद्दल मला किती थोडं ठाऊक आहे, हे लिहायला बसल्यावर कळलं. ते मूळचे वणीचेच की बाहेरून आलेले, मला माहीत नाही. कोणी आदिलाबादकडचे म्हणत. त्यांना एक मुलगी होती, फरीदा, ती बल्लारपूरला दिली होती. आणखी मुलं झाली होती का, जगली का नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर ते वर्षानुवर्षं बसले, पण त्यांच्या घरी मी एकदाच गेलो आणि तेही दारापर्यंत. मी बोलका नव्हतो, आजही नाही. लिहिण्याची तर सवयच नाही. म्हणून डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच सांगतो. त्यातही एका गादीची गोष्ट जास्त आहे आणि माणसाची कमी. पण ते स्वतःसुद्धा गादीबद्दलच बोलत.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला मी वडिलांचं दुकान हातात घेतलं. लुगडी, धोतरं आणि एका कोपऱ्यात गादीपाटाचे, म्हणजे गादीच्या खोळीच्या कापडाचे, तागे. गिऱ्हाईक गादीपाट घेई, मी तो मापानं फाडून देई आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या कय्युमभाईंकडे बोट दाखवी. पुढचं काम त्यांचं. दुकानाच्या बाजूला पत्र्याची एक पडवी होती, तिथं त्यांची पिंजण, कापूस पिंजायचं धनुष्य, टांगलेली असे. कापसाचे दिवस सुरू झाले की सकाळपासून तिच्या तातीचा, ताणलेल्या दोरीचा, आवाज येई. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया, मिशा, डोक्यावरची टोपी सगळं पांढरं होऊन जाई आणि चहा पिताना बोटानं आधी मिशी झाडून घ्यावी लागे. बुटके, जाड मानेचे, सदा थोडे चिडलेले. खोकला कायमचा.

त्यांची एक खोड गावभर माहीत होती. गादी सांगायला कोणी आलं की ते लांबी-रुंदी नंतर विचारत. आधी विचारत, "निजणार कोण?" मग तो माणूस केवढा, कुशीवर निजतो की पाठीवर, कंबर दुखते काय, दमा आहे काय. बायका पदर तोंडाला लावून हसत. पुरुष चिडत. एकदा एका तालेवार माणसानं त्यांना सुनावलं की तुला गादी भरायची आहे की लग्न जुळवायचं आहे. कय्युमभाई म्हणाले, "लगन बिघडलं तं माणूस दुसऱ्या खोलीत निजते. गादी बिघडली तं कुठी जाईन?" तो माणूस हसला आणि मुकाट्यानं आपल्या कमरेचं दुखणं सांगू लागला.

विचारलेलं सगळं ते रुईत उतरवत. जड माणसाच्या कमरेखाली थर जास्त, दमेकऱ्याच्या डोक्याकडे चढ. सरकी काढायच्या जीनमधून रुई स्वतः निवडून आणत. झाडलेला कचरा भरून मोकळे होणारे पिंजारी तेव्हाही होते, त्यांचं नाव काढलं की हे थुंकत.

आणि गादी देऊन झाली की यांचं काम संपत नसे. महिन्या-दोन महिन्यांनी तो माणूस रस्त्यात दिसला की हे हटकत, "झोप लागते काय?" चारचौघांत असं विचारलेलं कोणाला आवडेल? तहसिलीतले एक कारकून तर त्यांना पाहून गल्ली बदलत. पण खरी चीड त्यांना दुसऱ्याच उत्तराची येई. बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळे, की गादी अजून काढलीच नाही, गुंडाळून पेटीवर ठेवली आहे, पाहुणे आले की काढू. घरातले सगळे सतरंजीवर आणि गादी छताजवळ. कय्युमभाई परत येऊन ओट्यावर आदळत आणि माझ्याकडे पाहून म्हणत, "हे लोक भाजी पाहुण्यासाठी रांधून ठेवत नाहीत. गादी काहून ठेवतात, भाऊ?" माझ्याही घरात तेच होतं.

अठ्ठावन्न साल असावं. कापसाचे मोठे दलाल विठ्ठलराव वारले. माणूस दिलदार होता, थाटानं जगलेला. त्यांचा मुलगा बाबाराव दुकानात आला, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. तेराव्याला शय्यादान करायचं होतं. आमच्याकडे ही रीत अशी की मेलेल्याला पुढच्या वाटेवर लागतील म्हणून गादी, उशी, चादर, छत्री, जोडे, तांब्या असं सगळं क्रिया चालवणाऱ्या भटजींना द्यायचं. त्यातली गादी नावापुरती असते. दोन बोटं जाडीची, हातभर रुंद, भरलेली न भरलेली. उत्तरक्रियेचं सामान विकणाऱ्या खेमसिंगच्या दुकानात तशा तयारच मिळत. पण बाबाराव म्हणाला की बाबांच्या नावाची आहे, खोटी नको, माणूस निजेल अशी पुऱ्या मापाची करा. मी सर्वांत चांगला गादीपाट काढला, लाल पट्ट्यांचा.

कय्युमभाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाबारावला रडूच आलं. मी मध्ये पडलो, दान भटजींना जातं एवढं सांगितलं. कय्युमभाईंनी मान हलवली. "मंग महाराजाच्या पाठीची करा लागते," म्हणाले.

क्रिया चालवणारे नरहर भटजी त्यांना माहीत होते, सगळ्या गावाला होते. ताडासारखे उंच, सुके, एक खांदा जरा खाली पडलेला. कय्युमभाई दोन दिवस भटजी कुठं दिसले की त्यांच्या मागून चालत राहिले. भटजींनी शेवटी वळून विचारलं, काय रे, माझ्याकडे कोणाचं काही फेडायचं बाकी आहे का? यांनी कारण सांगितलं नाही. नुसतं पाहून घेतलं. मग पडवीत बसले आणि जी गादी केली तशी मी तरी पुन्हा पाहिली नाही. लांबीला गावातल्या कुठल्याही गादीपेक्षा जास्त. पडलेल्या खांद्याच्या बाजूला रुईचा एक पातळ थर आत असा बसवलेला की वरून काही दिसू नये, हातालाच कळावं. टाके मधून सुरू होऊन कडेला जाणारे. पुरी झाली तेव्हा त्यांनी मला हात ठेवायला लावला. मी हात ठेवला आणि काढला, तर जागा हळूहळू वर आली, जशी भाकरी फुगावी.

तेरावं झालं. कय्युमभाई रीतीप्रमाणे महिन्यानं भटजींच्या वाटेत उभे राहिले आणि विचारलं. भटजींना आधी कळेनाच कोणती गादी. मग म्हणाले, चांगली होती, पण ती आता आमच्याकडे नाही. घाईत होते, निघून गेले. कय्युमभाईंना वाटलं, मुलीला दिली असेल.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी आमच्या दुकानासमोरून उकंडाची हातगाडी गेली. उकंडा कापूस बाजारात हमाली करी आणि मधल्या वेळात गाडीवर मिळेल ते सामान पोचवी. त्याचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. पंचविशीतला, तोंडानं फटकळ, पण कामाला सरळ माणूस. गाडीवर छत्री, तांब्या, जोडे आणि वर गुंडाळलेली लाल पट्ट्यांची गादी. कोणाची तरी क्रिया होती, सामान निर्गुडा नदीच्या काठी चाललं होतं. कय्युमभाई पिंजण सोडून अनवाणी धावले. भर रस्त्यात गाडी थांबवली, गादीची दोरी सोडली आणि आत हात घातला.

मी दुकानातून पाहत होतो. त्यांनी हात बराच वेळ आत ठेवला. परत आले तेव्हा चेहरा असा होता की मी पाणी पुढे केलं. ते घेतलं नाही.

"भाऊ," ते म्हणाले, "कोणीच निजलं नाही. एक दिवस नाही. जशी भरली तशीच आहे."

उकंडानं संध्याकाळी येऊन सगळा प्रकार सांगितला, त्याला तो माहीतच होता. भटजी दानात आलेली गादी खेमसिंगला देत आणि त्याच्याकडून घरचं वाणसामान नेत. खेमसिंग तीच गादी पुढच्या क्रियेला देई. तिथून ती पुन्हा भटजींकडे आणि भटजींकडून पुन्हा खेमसिंगकडे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. नावापुरती वस्तू, ती नावापुरतीच फिरायची. फक्त ही गादी पुऱ्या मापाची असल्यानं मोठ्या घरची माणसं हीच मागत.

"चाचा, तुमची गादी लय पुण्यवान," उकंडा हसत म्हणाला. "गावातल्या साऱ्या बड्या लोकाइले पोचवून आली, अन् अजून कोरी आहे."

कय्युमभाई हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात ती गादी बसली. ती रस्त्यावरून जाई, परत येई. उन्हाळ्यात जाई, भर थंडीत जाई. दर वेळी ते उठून कडेला उभे राहत. कोणी म्हातारा आजारी असल्याचं कळलं की ते माझ्याकडे पाहत, आणि मला कळे की त्यांच्या मनात त्या म्हाताऱ्याबरोबर गादीही आहे. ते मला बरं वाटत नसे. मी एकदा धीर करून म्हणालो की कय्युमभाई, तुमचे पैसे तर मिळाले, आता तिचं काही का होईना. ते पिंजणीची तात कसू लागले. मग म्हणाले, "पैसे त बाबारावनं देले. गादीनं मले काय देलं?" दोन दिवस ते माझ्याशी तुटकच बोलले.

आधी ते भटजींच्या घरी गेले. तिथं काय झालं ते मला त्यांनी आणि नंतर भटजींनी, दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळलं. भटजींच्या बायकोनं, इंदुताईंनी, त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला. कय्युमभाईंनी थेट विचारलं की गादी तुमच्या मापाची केली, तुम्ही निजत का नाही? इंदुताईच बोलल्या, की बाबा रे, ती मेलेल्या माणसाच्या वाट्याची. त्यावर निजायचं म्हणजे त्याच्या अंगाशी अंग लावायचं. कय्युमभाईंनी दाराशी टांगलेल्या छत्र्या पाहिल्या, भटजींच्या पायातले नवे जोडे पाहिले. म्हणाले, "छत्री चालते, जोडे चालतात. गादीच काहून चालत नाही?"

भटजी मोठ्यानं हसले म्हणे. "अरे, छत्री धरून माणूस उभा असतो. जोडे घालून चालतो. गादीवर आडवं व्हावं लागतं. आधीच रोज आडव्या माणसांत माझा दिवस जातो."

ही गोष्ट कय्युमभाईंनी मला सांगितली तेव्हा त्यांनाही थोडं हसू आलं होतं. पण लगेच भुवया खाली आल्या. हसून गादीचं काही होणार नव्हतं.

मग त्यांनी ठरवलं की गादी त्या फेऱ्यातून काढायचीच. खेमसिंगकडे गेले. खेमसिंग साधा व्यवहारी माणूस, म्हणाला की मला दुसरी दे अन् ही घेऊन जा, माझं काम अडलं नाही पाहिजे. नावापुरत्या दोन दे, एक कशाला. कय्युमभाई कबूल झाले. आणि मी त्यांना पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम करताना पाहिलं. जीनमधला झाडलेला कचरा पोत्यात भरून आणला, काड्या आणि सरकीच्या टरफलांसकट. मी उरलासुरला गादीपाट दिला. दोन बोटं जाडी, टाका लांबलांब. इतकी हलकी गादी, पण तिला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. हात आपोआप नीट करू लागे, मग ते स्वतःलाच शिवी देऊन उसवत. सगळा दिवस बडबड चालू होती. मधेच एक गिऱ्हाईक आलं, त्याच्यावर उगाच खेकसले.

दोन्ही देऊन त्यांनी लाल गादी आणली. ती पडवीत उन्हात टाकली आणि बाजूला बसून राहिले. आठवडाभरानं खेमसिंग स्वतः आला. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, कय्युमभाई, तुझ्या गाद्या लोकांना फार आवडल्या. हलक्या आहेत, गाडीवर जागा खात नाहीत. तशाच आणखी दे, दर महिन्याला लागतील.

कय्युमभाई उठून पडवीत गेले आणि पिंजण वाजवू लागले. तातीखाली रुई नव्हती, नुसतीच टण टण. खेमसिंग मला विचारू लागला, याला झालं काय? मी म्हणालो, मला माहीत नाही. आता विचार करतो तर वाटतं, इतकी वर्षं ज्यांनी झोप विचारत फिरण्यात घालवली, त्यांना कोणी आपणहून येऊन शाबासकी दिली ती त्या कचऱ्याच्या गादीसाठी. हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं लाल गादी पडवीत राहिली. नवीन महाराष्ट्र झाला, गावात मिरवणूक निघाली, पेढे वाटले गेले, गादी तिथंच. कय्युमभाई गिऱ्हाईकांना ती दाखवत, जवळजवळ फुकट देऊ करत. पण वणी लहान गाव. लाल पट्टे सगळ्यांनी हातगाडीवर पाहिलेले. हात लावायलाही कोणी तयार नव्हतं. माझ्या घरात मी विषय काढला, तर बायकोनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. हजराबीनं, म्हणजे कय्युमभाईंच्या बायकोनं, सांगितलं की आपल्यात असला काही विटाळ नाही, आणा घरी, मी निजते. पण ती हातभर उंचीची बाई. कय्युमभाई म्हणाले, या लांब गादीबद्दल तिची पाठ काय सांगणार? मी त्यांनाच निजायला सुचवलं. "रांधणारीले आपल्या हातची चव समजते काय?" म्हणाले. शिवाय ते रुईवर निजतच नसत, खोकल्यानं जीव घाबरा होई. घरी सुंभाच्या उघड्या खाटेवर निजत, हे मला त्याच दिवशी कळलं.

शेवटी त्यांनी उकंडाला गाठलं. उकंडा उंच होता, भटजींइतका नाही तरी उंच. आणि तो या गोष्टी मानत नव्हता, उघडपणे हसत होता. माझ्या ओट्यावरच हे बोलणं झालं. मी आत कापडाच्या घड्या घालत होतो.

कय्युमभाई म्हणाले, "तू घेऊन जा. तुले कायचं भेव? तू तं मानतच नाही."

"मानत नाही म्हणूनच घेत नाही, चाचा."

"हे काय बोलणं झालं?"

उकंडानं विडी विझवली. त्याचा आवाज एरवीसारखा चेष्टेचा नव्हता. "माझ्या आज्यानं मेलेल्याइच्या अंगावरचं उतरलेलं घेतलं. बापानं घेतलं. लोक द्यायचे अन् आम्ही घ्यायचो. आता नाही घेत. मले भुताचं भेव नाही, चाचा. पण मीच ही गादी गाडीवर नेली आहे, साऱ्या गावानं पाह्यलं. उद्या माझ्या घरात दिसली तं म्हणतील, बौद्ध झाला, पण घेतलीच ना शेवटी."

"उतरलेली नाही रे. कोणी आंग टेकलं नाही तिच्यावर."

"ते तुमाले माहीत. अन् मले माहीत."

उकंडा जाताना म्हणाला की तुमच्या हातची दुसरी करा, विकत नेईन. आणि त्यानं ती खरंच नेली, आईसाठी, तुळसाबाईसाठी. कय्युमभाईंनी तिची कंबर विचारून घेतली, गादी केली, आणि तुळसाबाई तिच्यावर निजतही होती. ती तसं सांगायला मुद्दाम दुकानावर आली. त्यांनी ऐकून घेतलं. पण डोळे लाल गादीकडे. ज्याला भीती होती तो निजत नव्हता आणि ज्याला नव्हती तोही निजत नव्हता. "अशी कशी गादी केली मी?" असं ते त्या दिवशी स्वतःशीच म्हणाले, जणू खोट त्यांच्या हातात होती.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात इंदुताई मुलीच्या बाळंतपणाला मारेगावला गेल्या. भटजी घरी एकटे. नदीवरच्या शेवाळात त्यांचा पाय घसरला आणि पाठ धरली. उकंडानंच त्यांना गाडीवर घालून घरी आणलं आणि येऊन आम्हाला सांगितलं की महाराज फरशीवर सतरंजी टाकून पडले आहेत, कूस बदलता येत नाही. कय्युमभाई उठले. गादी डोक्यावर घेतली. मला म्हणाले, "चला भाऊ. मी एकटा गेलो तं नाही म्हणतील." दुकान उघडं टाकून मी गेलो. माझ्या असण्यानं काय होणार होतं ते मला कळत नव्हतं.

भर दुपार होती. भटजींनी गादी पाहिली आणि डोळे मिटले. म्हणाले, कय्युम, अजून सोडली नाहीस का ही? कय्युमभाईंनी गादी उलगडली. म्हणाले, ही विठ्ठलरावाची नाही, कोणाचीच नाही, मी बदलून आणली आहे. आणि घरात कोणी पाहायला नाही. भटजी माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घातली. त्यांना कण्हल्याशिवाय श्वासही घेता येत नव्हता. शेवटी म्हणाले, "धर मला. पण आमच्या हिला सांगशील तर बघ."

आम्ही दोघांनी त्यांना उचलून गादीवर ठेवलं. पाय पुरते मावले. कय्युमभाईंनी मला बाहेर ओढलं आणि दार लोटून घेतलं. आम्ही ओट्यावर बसलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कय्युमभाई आतला कानोसा घेत होते. खोकला आला की तोंडावर टोपी दाबून धरत. थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज आला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात ओला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना इतका वेळ न चिडता बसलेलं पाहिलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर आतून हाक आली. आम्ही गेलो. भटजी पडल्या पडल्याच वर पाहत होते. कय्युमभाईंनी विचारलं, "महाराज, झोप लागली काय?"

"लागली तर," भटजी म्हणाले. "पण या खांद्याखाली काहीतरी टोचतं रे. गोळा झाल्यासारखं."

पडलेल्या खांद्याचीच बाजू. कय्युमभाई खाली बसले, भटजींच्या अंगाखाली हात सरकवला. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी आत बसवलेला तो पातळ थर गुंडाळून गुंडाळून, गाडीवर आदळून आणि वर्षानुवर्षं अंगाचा भार न मिळाल्यानं एका जागी गोळा झाला होता. ज्या पाठीसाठी केली तिलाच ती टोचली.

"उसवा लागते," ते म्हणाले. आवाजात भयंकर चीड होती, भटजींवर, गावावर, कोणावर ते मला सांगता येणार नाही. "सारी उसवून पुन्हा पिंजा लागते. आत्ताच्या आत्ता द्या."

भटजी म्हणाले, राहू दे आजची रात्र, बरी आहे. पण यांनी ऐकलं नाही. आम्ही त्यांना पुन्हा सतरंजीवर उतरवलं, ते कण्हले, आणि कय्युमभाई गादी डोक्यावर घेऊन माझ्या पुढे चालू लागले. पडवीत येताच त्यांनी टाके कापायला सुरुवात केली. ते मधून कडेला जाणारे टाके, एक एक. खोळ झाडली तर जुनी होऊन विरलेली निघाली, वर्षानुवर्षांच्या उन्हानं. रुईचा ढीग पडवीभर झाला. अंधार पडेपर्यंत पिंजत होते.

त्या ढिगाची गादी झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. छातीत कफ दाटला होता. मी त्यांच्या घरी गेलो तो तेव्हाच, दारापर्यंत. हजराबी म्हणाली, निजले आहेत. चार दिवसांनी फरीदाचा नवरा येऊन त्यांना बल्लारपूरला दवाखान्यासाठी घेऊन गेला, आणि पावसाळा लागायच्या आत ते तिकडेच वारले. पिंजलेली रुई मी पोत्यात भरून ठेवली. भटजींनी दोनदा निरोप पाठवला, गादी कधी मिळेल म्हणून. दुसरा पिंजारी मिळाला होता, पण मी त्याला ती रुई दिली नाही. का दिली नाही ते मला सांगता येत नाही.

आमचं शेवटचं बोलणं गादी उसवली त्या संध्याकाळचं. मी दुकानाच्या फळ्या लावत होतो. ते रुईत बसलेले, फक्त डोळे काळे दिसत होते.

म्हणाले, "भाऊ, खोळ गेली. लंब्या मापाचा गादीपाट लागन."

मी म्हणालो, "लाल संपला. निळ्या पट्ट्यांचा आहे, पण तागा वरच्या फळीवर आहे. उद्या काढतो."

"निळा चालते. अन् जाड सुताचं रीळ ठेवजा."

"ठेवतो," मी म्हणालो.